वाळवंटातला मुक्काम, सोबतीला कुत्रा: वाचकांचे प्रश्न

कुत्र्याला घेऊन वाळवंटात तंबू ठोकून राहण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सुरुवातीलाच एक सांगायला हवं. अशा सहलीचं वेळापत्रक कुत्र्याच्या अंगाला किती ऊन सोसतं यावर आखायचं, आपल्या हौसेवर नाही. त्यात आपलं काही बुडत नाही. कुत्र्याला झेपणाऱ्या वेळा पहाट, संध्याकाळ आणि रात्र, आणि वाळवंटही नेमकं त्याच वेळी जागं असतं.

प्रश्न: आमचा लॅब्रडॉर चार वर्षांचा, २८ किलोचा आहे. तीन रात्रींचा मुक्काम ठरवतोय. त्याला न्यावं का, आणि कोणत्या दिवसांत?

उत्तर: तब्येत ठणठणीत असेल तर जरूर न्या, पण थंडीच्या दिवसांत. दुपारचं तापमान २५ अंशांच्या आसपास राहणार असेल तर निर्धास्त जा. ३२ च्या वर जाणार असेल तर पहाटेच्या फेरीखेरीज त्याला चालवायचं नाही, आणि तेवढ्यासाठी एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. पुढची तारीख धरा.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो, पण त्याने अंग थंड होत नाही. त्याचा सगळा भरवसा धापेवर: जीभ, तोंड आणि नाकाच्या ओलाव्यावरून हवा खेळवायची आणि त्या बाष्पीभवनाने रक्त थंड करायचं. वाळवंटी हवा कोरडी असल्यामुळे हे काम चांगलं होतं, मात्र दर धापेला पाणी खर्च होतं. म्हणून वाळवंटात कुत्र्याच्या उष्णतेचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न असतो.

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना नेऊ नका. त्यांची श्वासाची वाट आखूड आणि अडलेली असल्याने धाप पुरेशी पडत नाही. पिल्लं, म्हातारी कुत्री, फार लठ्ठ कुत्री, हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा त्रास असलेली कुत्री यांनाही घरीच ठेवा. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मात्र ‘गरम होईल’ म्हणून भादरू नका. ते उन्हालाही अडवतात. विंचरून आतले सुटे केस काढून टाका, तेवढं पुरतं.

निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात चालवून त्याला सवय लावा. एसी खोलीत झोपणारं कुत्रं थेट वाळवंटात उतरवणं धोक्याचं. आणि जिथे जाणार तिथे कुत्र्याला परवानगी आहे का हे आधी विचारा. बऱ्याच अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत नसते.

प्रश्न: पाणी नक्की किती न्यायचं? ‘भरपूर न्या’ असं सगळे सांगतात, आकडा कोणी देत नाही.

उत्तर: घ्या आकडा. आरामात बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. कोरड्या हवेत चालणं-धावणं असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे २८ किलोच्या कुत्र्याला घरी दीड-पावणेदोन लिटर, आणि तिकडे साडेतीन ते पाच लिटर. तीन रात्री म्हणजे जायचा-यायचा धरून चार दिवस. दिवसाला साडेचार लिटर धरले तर १८ लिटर. गाडी अडकली, एक दिवस वाढला, यासाठी एक तृतीयांश जास्त: झाले २४. शिवाय उष्माघात झालाच तर अंगावर ओतायला पाच-सहा लिटर वेगळे, ज्यांना एरवी हात लावायचा नाही. एकूण ३० लिटर, फक्त कुत्र्याचे. तुमचं पाणी याच्या बाहेर.

हे पाणी एका मोठ्या कॅनमध्ये नेऊ नका. पाच-पाच किंवा दहा-दहा लिटरचे कॅन करा. कॅन फुटतात, झाकणाची रबरी चकती निसटते, आणि वाळूत सांडलेलं पाणी गोळा करता येत नाही. कॅन सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ऊन लागून कोमट झालेलं पाणी बरीच कुत्री नुसतं हुंगतात आणि तोंड फिरवतात.

चालताना दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तासभर तहानलेलं ठेवून मग भांडंभर पुढे केलं तर ते घटाघटा पितं आणि उलटी करतं, म्हणजे पाणीही गेलं आणि पोटातलं अन्नही. कोरडं खाणं देत असाल तर तेवढंच कोमट पाणी घालून १५ मिनिटं भिजवा. कुत्रा न कळत पाणी खातो. जेवण संध्याकाळी, फिरून आल्यावर धाप पूर्ण थांबली की अर्ध्या-पाऊण तासाने. माणसांची स्पोर्ट्स ड्रिंक देऊ नका. त्यातल्या काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालायचा एक गोडवा, असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे.

पाणी पुरेसं पडतंय का हे हिरड्यांवरून कळतं. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा, आणि बोटाला हिरडी ओली, बुळबुळीत लागायला हवी. बोट चिकटलं तर पाणी कमी पडतंय. वाटेत दिसणाऱ्या साचलेल्या डबक्यांचं पाणी पाजू नका. हिरवट-निळी साय धरलेल्या पाण्यातलं शेवाळ काही तासांत जीव घेऊ शकतं.

प्रश्न: वाळू तापते म्हणून बूट घेतले, पण घातले की आमची कुत्री पुतळ्यासारखी उभी राहते.

उत्तर: घेतल्या दिवशी सगळ्यांचंच तसं होतं. तीन आठवडे आधी सुरू करा. पहिले तीन-चार दिवस फक्त पुढचे दोन बूट, घरात, पाच मिनिटं, आणि घातल्याबरोबर खाऊ. मग चारही. मग बाहेर. माप घेताना पंजा कागदावर ठेवून त्या पायावर पूर्ण भार देऊन रेघ मारा, कारण उभं राहिल्यावर पंजा पसरतो. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात; चारही एकाच मापाचे घेतले तर मागचे निसटतात.

वाळूत बुटांची खरी अडचण वेगळी आहे. वाळू वरून आत शिरते, गादी आणि बूट यांच्यामध्ये सॅंडपेपरसारखी घासते आणि सालटं काढते. दर तासाला बूट काढून झटका, बोटांच्या बेचक्या बोटाने साफ करा. पट्टी इतकीच आवळा की खाली एक बोट जाईल.

तरीही आमचा सल्ला असा की बूट हे काटे आणि धारदार खडकांसाठी वापरा, तापलेल्या वाळूवर उतरण्याचा परवाना म्हणून नाही. भर दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, हवा त्या मानाने कितीतरी थंड असली तरी. हाताची मागची बाजू वाळूवर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही उतरवू नका. बूट घातले तरी त्याचं पोट त्या वाळूपासून हातभरच उंच असतं, आणि खालून येणारी धग त्याला लागतच राहते.

प्रश्न: वाळूत तंबूच्या मेखा टिकत नाहीत. कुत्र्याची दोरी कशाला बांधायची, आणि जागा कशी निवडायची?

उत्तर: आधी जागा. कोरड्या ओढ्याच्या किंवा नदीच्या पात्रात तंबू लावू नका, ते कितीही सपाट आणि वाऱ्याआड वाटो. पाऊस कित्येक किलोमीटर लांब डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असताना लोंढा येतो. वाळूच्या टेकडीच्या घसरत्या बाजूच्या पायथ्याशीही नको. वारा वाळू माथ्यावरून नेऊन तिथेच टाकतो. दोन टेकड्यांमधली घट्ट जमीन चांगली. झुडपांच्या बुडाशी बिळं असतील तर दहा-पंधरा पावलं लांब सरका.

कुठे कुठे जमिनीवर काळपट, खडबडीत, पापुद्र्यासारखा थर दिसतो. ती माती मेलेली नाही. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेली ती साय आहे. तिनेच वाळू धरून ठेवलेली असते. एका पावलाने मोडलेली साय भरून यायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. तिथे तंबू नको, कुत्र्याने उकरणंही नको.

आता मेखा. नेहमीची बारीक मेख वाळूत लोण्यात सुरी घातल्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते. मजबूत कापडी पिशवी वाळूने भरा, तोंड बांधून त्यालाच दोरी लावा, आणि हातभर खड्ड्यात, साधारण ४० सेंटिमीटर खोल पुरा. दोरी खड्ड्यातून तंबूकडे तिरकी बाहेर यावी म्हणून तेवढी तिरकी चर खणा. दोरी सरळ वर आली तर पिशवी उपटते. वर वाळू टाकून पायाने तुडवा, जमलं तर ओंजळभर पाणी शिंपडा. पिशवी नसेल तर मनगटाएवढं लाकूड आडवं पुरून मध्यावर दोरी बांधली तरी चालतं.

कुत्र्याची दोरी तंबूच्या खांबाला कधीच नको. खोकड दिसलं की २८ किलोचं कुत्रं तंबूसकट निघेल. गाडीच्या टो-हुकला बांधा. गाडी लांब असेल तर त्याच्यासाठी वेगळी, दुप्पट मोठी पिशवी पुरा. दोरी तीन-चार मीटरची, फिरत्या कडीची, आणि गळ्यातल्या पट्ट्याला न लावता हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावायची. स्क्रूसारखी फिरवून घालायची मेख घट्ट मातीत छान काम करते. भुसभुशीत वाळूत पहिल्याच हिसक्याला बाहेर येते.

सावलीसाठी एका ताडपत्रीपेक्षा दोन बऱ्या, मध्ये वीतभर हवा राहील अशा. वरची तापते, खालची नाही. सकाळी लवकर त्या सावलीत कुत्र्याच्या अंगाएवढा, ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून ठेवा. कोरडी वाळू उष्णता फार हळू आत नेते, त्यामुळे वीत-दीड वीत खाली दिवसाची धग जवळजवळ पोचतच नाही. कुत्रं उकरून बसतं ते याचसाठी. तुम्ही आधीच खणून दिला की त्याचे श्रम वाचतात. बसवण्यापूर्वी खड्ड्यात काठी फिरवून बघा, दुसरं कोणी आधी येऊन बसलेलं असू शकतं.

प्रश्न: वाळवंटात कुत्र्याला थंडी वाजते का?

उत्तर: वाजते, आणि चांगलीच. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसाची उष्णता सूर्य मावळताच आकाशात निघून जाते. दुपार आणि पहाट यांच्यात २० अंशांचा फरक सहज पडतो. थंडी खालून जास्त लागते, म्हणून पांघरुणाआधी अंथरूण बघा: फोमची जाड चटई दुहेरी करून, वर लोकरीचं कांबळं. हवेची गादी नखांपुढे टिकत नाही. आखूड केसांच्या कुत्र्याला जाकीट घाला. नाक शेपटीखाली खुपसून घट्ट गुंडाळी केली असेल, अंग कापत असेल, तर त्याला तुमच्याजवळ घ्या. रात्री त्याला तंबूतच झोपवा. विंचू, साप, कोल्हे या सगळ्यांचं उत्तर तेच आहे.

प्रश्न: दुपारी कुत्रा फार धापा टाकत होता, मग अडखळला. तो उष्माघात होता का? डॉक्टर दोन तासांवर असतील तर काय करायचं?

उत्तर: धाप आणि अडखळणं एकत्र आलं तर उष्माघातच समजून हालचाल करा, खात्री करत बसू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा सुरू होते. पण थर्मामीटरच्या आधी डोळ्यांना दिसतं. जीभ नेहमीपेक्षा लांब बाहेर येते, टोकाला पळीसारखी रुंद होते, कडा वर वळतात. लाळ पातळ न राहता दोरीसारखी लोंबते. हिरड्या विटेसारख्या लाल. हाक मारली तर कान हलत नाही. पुढची पायरी म्हणजे झोकांडी, उलटी, रक्ताची शी, झटके. जीभ पसरली की तिथेच चालणं थांबवायचं. पुढच्या पायरीची वाट बघायची नाही.

आधी थंड करायचं, मग निघायचं. हा क्रम उलटा केला तर प्रवासातला सगळा वेळ त्याचं अंग आतून भाजत राहतं.

सावलीत ताडपत्री पसरा, कुत्र्याला तिच्यावर आडवं करा, दोघांनी कडा उचलून धरा म्हणजे होडीसारखा खोलगट आकार होईल. राखून ठेवलेलं पाणी त्यात ओता आणि पुन्हा पुन्हा ओंजळीने पोट, काखा, जांघा, मान यांवर घाला. केस बाजूला करून कातडीपर्यंत पोचलं पाहिजे; दाट केसांवरून पाणी नुसतं ओघळून जातं. ताडपत्रीमुळे तेच पाणी परत परत वापरता येतं, म्हणून पाच-सहा लिटरांत काम भागतं. डोकं वर धरा, नाकात-तोंडात पाणी जाऊ देऊ नका. तिसरा माणूस असेल तर त्याने पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा. पाणी बर्फासारखं हवं असं नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलं की पुरे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. मिनिटभरात तो अंगाइतकाच गरम होतो आणि वाफ आत कोंडतो.

दर पाच मिनिटांनी गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा (टोकाला व्हॅसलीन लावायचं). ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, अंग टिपून घ्या. पुढेही ओतत राहिलात तर तापमान नको तितकं खाली जातं. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी पुढे करा, तोंडात ओतू नका. ताप उतरवायच्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. हा आजाराचा ताप नाही, त्यांनी उतरत नाही, आणि आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखे आहेत.

मग गाडीचा एसी लावून निघा. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी निघा. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एक ते तीन दिवसांनीही बिघडते, आणि तोवर वरून काही दिसत नाही. जाताना फोन करून डॉक्टरांना किती वेळ, किती तापमान होतं ते सांगा.

गाडीचा विषय निघालाच आहे तर: बंद गाडीत कुत्र्याला ‘दोन मिनिटं’ही ठेवू नका. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी असली तरी.

प्रश्न: साप, विंचू आणि काटे यांची भीती वाटते. सोबत काय ठेवावं?

उत्तर: औषधांच्या पेटीत बारीक टोकाचा चिमटा, पक्कड, रुंद दातांचा कंगवा, निर्जंतुक सलाईन, गॉझ आणि चिकटपट्टी, मऊ कापडी मुस्की. सर्वांत जास्त उपयोग कंगव्याचा होतो.

चोलासारख्या निवडुंगाची कांडी पंजाला चिकटली की कुत्रं ती दातांनी ओढायला जातं, आणि मग तेच काटे जिभेत. म्हणून पहिल्यांदा तोंड धरा, मुस्की घाला (धापा टाकत असेल तर नको, हातानेच डोकं धरा). कंगव्याचे दात कांडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात कांडी उडवा. उरलेले काटे पकडीने कातडीलगत धरून सरळ ओढा. वाकडे ओढले तर मोडतात. तोंडातले, डोळ्याजवळचे काटे डॉक्टरांकडेच.

कुसळं दिसायला किरकोळ, पण त्यांना एकाच दिशेने वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कान, काखा आणि पापण्या बघा. अचानक शिंकांची सरबत्ती किंवा डोकं एका बाजूला झाडत राहणं म्हणजे कुसळ नाकात-कानात गेलं.

सापांपैकी फुरशासारखे काही वाळूत अंग पुरून फक्त डोळे वर ठेवून बसतात. कुत्रं हुंगायला जातं, म्हणून दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झाला तर गळ्यातला पट्टा आणि हार्नेस लगेच काढा, सूज चढते. त्याला चालवू नका, उचलून न्या. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यांतलं काहीही नको. सापाचा पाठलाग करू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक. प्रतिसर्पविष असलेला दवाखाना निघण्याच्या आधीच शोधून नंबर लिहून ठेवा. तिथे पोचल्यावर शोधायला रेंज नसते.

विंचवांसाठी अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घ्या. त्या प्रकाशात विंचू हिरवट-निळे चमकतात. झोपण्यापूर्वी तंबूभोवती एक फेरी मारा, कुत्र्याचं अंथरूण झटकून बघा.

प्रश्न: वाऱ्याने वाळू उडू लागली की कुत्र्याचे डोळे कसे जपायचे?

उत्तर: वाऱ्याने सरकणारी वाळू उड्या मारत जाते, आणि तिचा सर्वांत दाट थर जमिनीपासून गुडघ्याच्या आतच असतो. तुम्हाला नुसता घोट्यांवर मारा जाणवत असतो तेव्हा कुत्र्याचं तोंड त्या थरात असतं. म्हणून ‘आता त्रास होतोय’ हे तुम्हाला कळण्याच्या आधीच थांबायला हवं. टेकडीच्या माथ्यावरून धूर निघाल्यासारखं दिसलं की परत फिरा. कुत्र्याला गाडीच्या किंवा तंबूच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसवा.

नंतर डोळे सलाईनने धुवा, नाकाकडच्या कोपऱ्यातून, भरपूर. बोट किंवा कापूस लावू नका. बुबुळावर वाळू घासली तर ओरखडा जातो. तासाभरानेही डोळा मिटलेलाच असेल किंवा पंजाने चोळत असेल तर डॉक्टर गाठा. घरातले जुने स्टिरॉइडचे थेंब मुळीच घालू नका. ओरखड्याची जखम त्यांनी चिघळते.

प्रश्न: आमच्या कुत्र्याला बॉल फार आवडतो. वाळूत खेळवलं तर चालेल?

उत्तर: नको. लाळेने ओला झालेला बॉल दर वेळी चिमूटभर वाळू घेऊन येतो आणि ती पोटात जाते. आतड्यात साचून गोळा होतो. उलटी, पोट कडक, शी बंद. त्यापेक्षा खाऊ लपवून शोधायला लावा. जेवणही वाळूत नाही, चटईवर ठेवलेल्या ताटलीत.

प्रश्न: शेकोटी आणि शी, दोन्ही वाळूत पुरून टाकतो. काही अडचण?

उत्तर: दोन्हीची आहे. निखाऱ्यांवर वाळू ढकलली की ते विझत नाहीत. वाळूच्या पांघरुणाखाली कित्येक तास धगधगत राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. पहाटे कुत्रं नेमकं तिथून धावत जातं. कुत्र्याच्या पंजांना अशा पुरलेल्या शेकोट्यांचा मोठा धोका असतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेत हात घालून थंड लागेपर्यंत सोडू नका. तेवढं पाणी नसेल तर त्या रात्री शेकोटी नको.

शी पिशवीत घालून परत आणा. वाळूत ती कुजवणारे जीव फार थोडे. वाळून महिनोन्‌महिने तशीच राहते, वारा तिला उघडी पाडतो, आणि तिच्यातले जंत-जंतू तिथल्या कोल्ह्या-खोकडांपर्यंत पोचतात. घट्ट झाकणाचा एक डबा फक्त त्यासाठी ठेवा.

प्रश्न: आम्हाला तिथले प्राणी आणि तारे बघायचे आहेत. कुत्रा बरोबर असताना ते जमेल, की तो सगळ्यांना पळवून लावेल?

उत्तर: जमतं, आणि कुत्र्यामुळे काही गोष्टी जास्तच दिसतात. फक्त तो मोकळा नको. जमिनीवर घरटं करणारे पक्षी उन्हात अंड्यांवर सावली धरून बसतात. कुत्र्याने पक्षी उठवला तर उघडी अंडी थोड्याच वेळात तापून मरतात, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. पाणवठ्याजवळ तर शंभर मीटरच्या आत तंबूही नको आणि कुत्राही नको. रात्री तिथे येणाऱ्या जनावराला दुसरं पाणी नसतं. कुत्र्याच्या वासाने ते तहानलेलंच परत फिरेल. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य रोग) यांची लस झालेली असल्याशिवाय नेऊच नका. डिस्टेंपर कुत्र्याकडून कोल्ह्या-खोकडांना लागतो.

सूर्योदयाच्या तासभर आधी निघा. टेकडीच्या वाऱ्याकडच्या उतारावर वाळू दाबून घट्ट झालेली असते, तिथून चढा. मऊ वाळूत चालायला माणसालाही दुपटीहून जास्त शक्ती लागते, कुत्र्यालाही दम लागतो. दुसऱ्या बाजूचा घसरता उतार ३०-३४ अंशांचा असतो, त्यावर त्याला पळवू नका. माथ्याखाली बसा, दोन मीटरची लीश हातात, कुत्रा पायांशी आडवा. वारा बाजूने वाहत असावा. समोरून आला तर कुत्र्याला जनावराचा वास येऊन तो उठतो, पाठीमागून आला तर जनावराला कुत्र्याचा येतो. मग क्षितिजाकडे न बघता कुत्र्याच्या कानांकडे बघा. दोन्ही कान एका दिशेला वळले आणि धाप मध्येच थांबली की त्या दिशेला दुर्बीण लावा. खोकड असेल, किंवा बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला वाळवंटी उंदीर. उन्हं चढून दोन तास झाले की परत.

ताऱ्यांसाठी अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. डोळ्यांना अंधार सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चने ते सगळं वाया जातं. म्हणून टॉर्च लाल, कुत्र्याच्या पट्ट्यावरचा दिवाही लाल. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. उत्तर गोलार्धात तेव्हा थंडीही कुत्र्यासाठी सोयीची. झोपायला जाताना मात्र एकदा पांढरा टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून वाळूवरून फिरवा. हिरवे ठिपके लुकलुकतील. ते लांडगा-कोळी असतात, त्यांचे डोळे कुत्र्याच्या डोळ्यांसारखाच उजेड परत फेकतात.

आणखी एक करून बघा. रात्री तंबूत शिरण्यापूर्वी दारासमोरची दोन-तीन मीटर वाळू हाताने सपाट करून ठेवा. पहाटे कुत्र्याला लगेच सोडू नका, आधी तिरप्या उजेडात ती पाटी वाचा. शिवणीच्या टाक्यांसारख्या दोन बारीक रांगा भुंग्याच्या. मागच्या पायांचे जोडठसे लांब लांब अंतरावर पडलेले असतील तर उड्या मारणारा उंदीर. एकमेकींना न जोडलेल्या तिरक्या, समांतर रेघा असतील तर बाजूने सरकत जाणारा साप गेलाय, आज त्या दिशेला फिरायचं नाही. एका सरळ ओळीत, एकापुढे एक नेमके ठसे म्हणजे खोकड. त्याने दाराशी येऊन हुंगलं असेल तर ओळ तिथे थांबून वळलेली दिसेल. आता कुत्र्याला बाहेर काढा. ज्या ठशांवर तुम्ही बोट ठेवलं होतं, त्याच ठशांवर तो नाक ठेवतो.